भट्टीवरचं मीठ

१

चिमाजी गराडे सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पोलीस चौकीत गेले आणि हवालदाराच्या टेबलावर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली अर्धी भाकरी ठेवली.

"ही तपासायला धाडा," ते म्हणाले. "हिच्यात इख हाय. माझ्या सुनेनं घातलंय."

हवालदार गणराज थोपटे आधी भाकरीकडे आणि मग चिमाजींकडे बघत राहिले. शाहूनगरातली माणसं गावाला जाताना घराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे ठेवून जात, ते हे चिमाजी. त्यांचा चढलेला आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. तक्रार लिहून घेण्याआधी हवालदारांनी फोन उचलला आणि इंदुताई वाघमारेंना बोलावून घेतलं.

इंदुताई पोलिसात कधीच नव्हत्या. कंपनीच्या गेटावर सुटीच्या वेळी बायकांची झडती घ्यायचं काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं होतं. कंपनी म्हणजे कुठली, हे पिंपरी-चिंचवडात विचारायचं नसतं. ज्याची त्याला आपली कंपनी ही जगातली एकच कंपनी वाटते. अंबाड्यात पितळेचा तुकडा खोचून निघालेली बाई इंदुताईंना नुसत्या चालीवरून कळायची. आता निवृत्तीनंतर कोणाची साखळी गेली, कोणाचं पोरगं रुसून पळालं, की लोक आधी त्यांचंच दार वाजवत, आणि चौकीनंही हा कारभार मुकाट मान्य करून टाकला होता.

"जय भीम, वहिनी," चिमाजी म्हणाले. एरवी ते उठून उभे राहत. आज खुर्चीला धरून बसून राहिले.

माणूस वाळून अर्धा झाला होता. रंग मात्र भट्टीवर असतानाचा, चांगला रापलेला. इंदुताईंचे यजमान कोंडीराम आणि हे चिमाजी, दोघांनी फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे लोखंड तापवून ठोकायच्या विभागात, एकाच भट्टीपुढे जन्म काढला होता. कोंडीरामांचा रंगही अगदी असाच होता. प्रसंग कसला आणि मन कुठे, पण तो रंग पाहून इंदुताईंना उगाच बरं वाटलं.

"भावजी, इख कशावरून म्हणता?"

"जेवणाला चव न्हाई. पोटात काय ठरत न्हाई, समदं उलटून येतं. उठलो की डोळ्यापुढं अंधारी. वहिनी, मी येडा न्हाई हां. मला सांगितलंय कोंडीरामनं."

इंदुताईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कधी सांगितलं?"

"काल. दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला, अन् दारात येऊन हुबा राहिला. म्हणला, चिमाजी, ह्या घरातलं खाऊ नको."

कंपनी चाकणला गेल्यापासून भोंगा वाजलेला नव्हता. भोंग्याच्या जागी आता वीस-वीस मजल्यांचे टॉवर उभे होते. आणि कोंडीराम तर भोंगा बंद पडायच्याही आधी वारले होते. गणराज हवालदारांनी खाली मान घातली. इंदुताईंच्या मनात मात्र भलताच प्रश्न आला आणि त्यांनी तो महत्प्रयासाने गिळला. त्यांना विचारायचं होतं, अंगात शर्ट कुठला होता हो त्यांच्या?

२

चिमाजींच्या घरात पुढच्या खोलीतच बॅग भरून ठेवलेली होती. ती सून स्वरूपाची. मुलगा निरंजन चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. शिफ्ट संपवून आला होता आणि अजून गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं.

"काकू, सोमवारी मनोरुग्णालयात नेतोय आप्पांना," तो म्हणाला. "वेळ घेतलीय. काय करू दुसरं? रोज नवं काहीतरी. काल म्हणाले, नळातून माणसं बोलतात."

"आणि ही बॅग?"

"ती चाललीय अंबाजोगाईला, माहेरी. पोलीस चौकीपर्यंत नाव गेलं तिचं, तिला कशी थांब म्हणू?"

इंदुताईंना हिशेब लख्ख दिसला. भाकरीत विष निघालं तर स्वरूपा तुरुंगात जाणार. नाही निघालं तर चिमाजी वेड्यांच्या इस्पितळात जाणार. या घरातलं एक माणूस कसंही उठणारच होतं, आणि इंदुताईंना दोन्हीपैकी एकही द्यायचं नव्हतं.

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "उरलेली अर्धी भाकरी कुठाय?"

स्वरूपानं डबा पुढे केला. इंदुताईंनी भाकरी मोडली, भाजीला लावली आणि उभ्याउभ्या शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. स्वरूपाच्या डोळ्यांना धार लागली. सासऱ्यांनी शिव्या दिल्या तेव्हा ती रडली नव्हती, पण कोणीतरी आपल्या हातचं खाल्लं, यानं तिला भडभडून आलं.

"अळणी आहे गं," इंदुताई म्हणाल्या.

"बीपी आहे ना आप्पांना, किती वर्षांचं. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं. मी आप्पांच्या जेवणात मीठच घालत नाही. बीपीची गोळी सुदा मीच हातावर ठेवते, विसरू नये म्हणून."

"बीपी मोजलंस कधी एवढ्यात?"

"यंत्राचा पट्टा बांधू देत नाहीत. हात आवळून मारायलीस म्हणतात." तिनं पदरानं डोळे पुसले. "अन् काकू, घरातलं मीठ चोरीला जायलंय. बरणी भरून ठेवली की रिकामी. शेजारच्या म्हणायल्या, कोणीतरी करणी करायलंय. मग एक दिवस आप्पांची उशी उचलली, तर खाली मिठाची पुडी. चष्म्याच्या डबीत मीठ, सदऱ्याच्या खिशात मीठ."

हे ऐकून इतक्या गंभीर वेळीही इंदुताई हसल्या. "अगं, भट्टीवरची माणसं ती! मिठाशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. म्हातारपणी जुनं सगळं आठवतं माणसाला."

चोर सापडला, कारणही सापडलं, आणि मिठाचं प्रकरण त्यांनी तिथल्या तिथे मिटवून टाकलं. गेटावरच्या इतक्या वर्षांत एवढी मोठी चूक त्यांनी क्वचितच केली असेल.

त्या निघाल्या, तेव्हा स्वरूपा दारापर्यंत आली आणि कोणी ऐकत नाही ना हे बघून हळूच म्हणाली, "काकू, एक गोष्ट निरंजनला पण सांगितली नाही मी. आप्पांचं एक औषध मी फेकून दिलंय."

३

औषध रविराजनं आणलेलं होतं. रविराज म्हणजे चिमाजींचा पुतण्या; चाकणला त्याचा मालवाहू टेम्पो होता. इंदुताई बसनं तळेगाव चौकात उतरल्या, तेव्हा कंटेनरच्या रांगेत त्याचा टेम्पो अडकून पडला होता आणि तो खाली उतरून चहा पीत होता. चाकण म्हटलं की इंदुताईंना कांद्याचा बाजार आठवायचा. कोंडीराम सुटीच्या दिवशी सायकलवरून कांदे घेऊन यायचे आणि घरभर तो वास राहायचा. आता डिझेलशिवाय दुसरा वास येत नव्हता.

"स्वरूपावहिनीनं पाठवलं का तुम्हाला?" रविराजनं पहिलाच प्रश्न टाकला.

"मी कोणी पाठवल्यानं येत नाही रे. चूर्ण कसलं होतं ते सांग."

"गुडघ्याचं. आठवडी बाजारात एक बाबा बसतो, त्याच्याकडनं आणायचो. काकू, खोटं सांगत नाही, दोन पुड्या पोटात गेल्या की काका उठून बसायचे. जेवायचे. वहिनीला 'बाळ' म्हणून हाक मारायचे. संपलं की परत गळाठून जायचे, तोंड वाकडं, संशय सुरू. मग मी परत नेऊन द्यायचो. दिवाळीत वहिनीनं फेकून दिलं. त्यानंतर काकांना ते आवाज यायला लागले."

"आणि मग तू काकांना सांगितलंस की सुनेनं औषध फेकलं."

रविराजनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "सांगितलं. चूक केली का? त्यांनी मला हाताला धरून धंद्याला लावलं, काकू. बाप लवकर गेला माझा. माझा माणूस मरायला लागलाय आणि मी गप्प बसू?"

त्याच्या आवाजात खोट नव्हती. खोटं बोलणारी माणसं इंदुताईंनी गेटावर रोज पाहिली होती. ती आधी हात हलवतात, मग बोलतात. रविराजचे हात गुडघ्यांवर स्थिर होते. त्यानं टेम्पोच्या खणातून उरलेली एक पुडी काढून त्यांना दिली. तिच्यावर ना नाव, ना गाव.

परतीच्या बसमध्ये ती पुडी मुठीत धरून इंदुताई विचार करत होत्या. स्वरूपा म्हणते तिनं विष घातलं नाही, आणि ते खरं वाटतं. रविराज म्हणतो त्याच्या औषधानं काका सुधारत होते, आणि तेही खरं वाटतं. पण औषध तर गुडघ्याचं. गुडघ्याच्या औषधानं माणसाच्या मनातला संशय कसा काय जातो?

४

रविवारी संध्याकाळी निरंजन आप्पांना कट्ट्यावर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात न्यायचं होतं. जुन्या मित्रांची एकदा गाठ पडावी, एवढाच त्याचा हेतू होता. जुन्या कंपनीच्या गेटाचा एक दगडी खांब टॉवरवाल्यांनी शोभेला म्हणून ठेवला होता, आणि त्याच्याभोवतीच्या कट्ट्यावर कंपनीची निवृत्त मंडळी रोज जमत. इंदुताई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या.

चिमाजी बसले आणि त्यांनी खिशातून मिठाची पुडी काढली. एकाएकी कट्ट्यावरच्या सगळ्यांचे हात पुढे आले. कोणी काही सांगितलं नव्हतं.

भट्टीवरची ती रीत होती. पाळी सुरू होताना सगळ्यांत वडीलधारा माणूस मडक्यातलं मीठ चिमटीत घेऊन प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायचा. घामावाटे अंगातलं मीठ गळून माणूस भोवळ येऊन पडू नये, म्हणून. नमस्कार-चमत्कार नाहीत, "मीठ घेतलं का?" एवढंच विचारायचे. नवीन आलेल्याला पहिली चिमटी, ती मिळाली की तो भट्टीवरचा झाला. आणि जो रजेवर असेल त्याच्या नावाची चिमटी भट्टीत टाकायचे, ती तडतडायची, की म्हणायचे, हजर! मावळातला गराडे आणि देहूरोडचा वाघमारे यांची दोस्ती त्याच चिमटीवर झाली होती. तिथे कोणी कोणाची जात काढत नसे. कोंडीराम घरी यायचे तेव्हा त्यांच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर वाळलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा असायच्या, आणि इंदुताई शर्ट भिजवताना रोज कुरकुरायच्या. आज त्या कुरकुरीसाठीसुद्धा त्यांचा जीव तुटला.

"बघा गड्याला," सयाजी म्हणाले. कंपनीची बस चालवायचे ते. "मीठ आलं, त्याच्यामागं भट्टीचा रंगपण परत आला. हिरो दिसतोय राव!"

सगळे हसले. गेटवाल्या म्हणून इंदुताईंना ती चिमटी कधी मिळाली नव्हती. आज त्यांनीही हात पुढे केला, आणि चिमाजींचा हात त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

तळहातावरच्या रेषा काळ्या होत्या. शाईनं गिरवाव्यात तशा.

"भावजी, हात धुतला नाही का?"

"घासून धुतलाय की. जात न्हाई ते."

इंदुताईंनी पदराचं टोक पाण्याच्या बाटलीतून ओलं केलं आणि खसाखसा पुसलं. रेषा तशाच. इतक्या वर्षांत या हाताला लोखंड लागलं नव्हतं. मग त्यांनी गेटावर जे जन्मभर केलं तेच केलं; जिथे कोणी बघत नाही तिथे पाहिलं. चिमाजींच्या मनगटावर निवृत्तीला कंपनीनं दिलेलं घड्याळ होतं. ते अंगावरून कधी उतरत नसे. मनगट बारीक झालं म्हणून पट्ट्याला नवं भोक पाडून घट्ट बसवलेलं होतं. इंदुताईंनी बक्कल सोडलं. पट्ट्याखालची कातडी बाकीच्या हाताइतकीच काळी होती.

"सयाजीभाऊ," त्या सावकाश म्हणाल्या, "पट्ट्याखाली ऊन कसं गेलं हो?"

सयाजींनी उत्तर द्यायच्या आत चिमाजी ताडकन उठले. "भोंगा झाला. कोंडीराम बोलावतोय," म्हणाले, एक पाऊल टाकलं, आणि खांबाला घसटत जमिनीवर कोसळले. त्यांच्या मुठीतलं मीठ फरशीवर सांडलं.

५

सयाजींची मुलगी वर्षाली चिंचवडच्या इस्पितळात डॉक्टर होती. बापानं वाटेतूनच फोन केल्यामुळे ती दारात उभी होती. बीपीचा पट्टा बांधला तर आकडा इतका खाली, की तिनं दुसरं यंत्र मागवलं. त्याचाही आकडा तोच. सलाइन सुरू करून, रक्त तपासायला पाठवून ती बाहेर आली, तेव्हा व्हरांड्यात भांडण पेटलं होतं.

"हिनं घातलंय काहीतरी!" रविराज स्वरूपाकडे बोट करत होता. "आता तरी कबूल कर!"

"तुझ्याच चूर्णानं झालंय हे," निरंजन म्हणाला. स्वरूपानं सगळं सांगून टाकलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"गप्प बसा दोघं," इंदुताई म्हणाल्या. गेटावरचा तो आवाज ऐकून नर्ससुद्धा थांबली. "कोणी इख घातलेलं नाही. भाकरी मी खाल्लीय, मी उभी आहे. मी काय काय पाहिलं ते आता मला डॉक्टरांना सांगू द्या."

मग त्यांनी एकेक गोष्ट मांडली. उलट्या. उठताना येणारी अंधारी. अळणी जेवण, रोजची गोळी आणि न मोजलेलं बीपी. चूर्ण घेतलं की येणारे बरे दिवस. पट्ट्याखालची काळी कातडी. काळ्या रेषांचं ऐकून वर्षालीचं पेन थांबलं.

"आणि मीठ," इंदुताई म्हणाल्या. "आम्ही सगळे तिथेच फसलो. मीठ पाहिलं की आम्हाला भट्टी आठवली, रंग पाहिला की भट्टी आठवली. आठवणीत इतके रमलो, की भट्टी विझल्याला किती वर्षं झाली हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. भट्टीपुढे न उभं राहता या माणसाचं मीठ गळतंय कुठून, हे कोणी विचारलंच नाही."

"लघवीतून गळतंय, काकू," वर्षाली म्हणाली. तिच्या आवाजात आता घाई होती. "आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांचा रस अंगातलं मीठ धरून ठेवतो, बीपी सांभाळतो. त्या बंद पडल्या की मीठ राहत नाही, म्हणून माणूस मिठासाठी वेडापिसा होतो. मेंदू त्या ग्रंथींना जागं करायला सारखे हुकूम धाडतो, आणि त्या हुकमांनीच कातडी काळवंडते. उन्हाचा संबंध नाही. रेषांत, पट्ट्याखाली, हिरड्यांवर, सगळीकडे."

"मग ते आवाज? संशय?" निरंजननं विचारलं.

"मीठ आणि तो रस इतका उतरला की काही जणांचा मेंदू नसलेलं ऐकतो आणि घरच्यांवरच संशय घेतो. काकांचा स्वभाव तसा नाही. हा आजार बोलत होता." तिनं पेन परत उचललं. "पण या ग्रंथी उगाच मरत नाहीत. आपल्याकडे पुष्कळदा एक जुनं कारण निघतं. काकांना कधी टीबी झाला होता?"

"नाही," निरंजन म्हणाला.

"आमच्या घरात कोणालाच नाही," रविराज म्हणाला.

"झाला होता," इंदुताई म्हणाल्या. आणि तो शब्द तोंडातून निघाला तेव्हाच त्यांनाही ते पहिल्यांदा कळलं.

६

निरंजनचा जन्मसुद्धा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. कोंडीरामांच्या जेवणाच्या डब्यात एकदा त्यांना लाल कॅप्सूल सापडल्या. जगाचे डबे तपासणाऱ्या बाईला नवऱ्याच्या डब्यात असं काही सापडावं! विचारलं, तर कोंडीराम म्हणाले, "चिमाजीच्या ताकदीच्या गोळ्या आहेत. बोलू नको कुठं, नवं लग्न झालंय त्याचं." रोज डब्यात दोन उकडलेली अंडीही चिमाजींसाठी जायची. चिमाजी तेव्हा खोकून खोकून बेजार व्हायचे. टीबी कळला असता तर त्यांना भट्टीवरून काढलं असतं आणि वस्तीत कोणी पाणी दिलं नसतं, म्हणून औषध घरी न ठेवता दोस्ताच्या डब्यातून यायचं. मग मोठी ऑर्डर आली, ओव्हरटाइम सुरू झाला, चिमाजींचा खोकला थांबला, अंग धरलं, आणि कॅप्सूल बंद झाल्या. त्या दिवसांत कोंडीराम घरी येऊन चिडायचे. "पुरतं घे म्हणतो तर ऐकत नाही. बरा झालो म्हणतो." उभ्या आयुष्यात ते दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले ते तेवढेच दिवस.

"अर्धवट औषध," वर्षाली म्हणाली. "जंतू मेले नाहीत, झोपले. आणि कधीतरी रक्तातून या ग्रंथींमध्ये जाऊन बसले. इतकी वर्षं हळूहळू खात राहिले असतील."

इंदुताईंनी कमरेला खोचलेली चूर्णाची पुडी काढून दिली. वर्षालीनं ती उघडून पाहिली. "तपासू या. पण माझा अंदाज सांगते. अशा बिनानावाच्या चूर्णात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दुखणं झटक्यात थांबावं म्हणून. ते घातकच. पण काकांच्या ग्रंथींना जो रस करता येत नव्हता, स्टेरॉइड म्हणजे त्याचाच भाऊ. म्हणून पुडी पोटात गेली की गुडघाही थांबायचा आणि मनही ताळ्यावर यायचं. आणि पुडी एकदम बंद झाली, की सगळाच आधार जायचा."

रविराजनं हात जोडल्यासारखे केले आणि खाली सोडले. स्वरूपा भिंतीपासून पुढे आली. म्हणाली, "म्हणजे मीच की. मीठ मी काढलं, गोळी मी दिली, पुडी मी फेकली. आप्पा खरंच बोलायले होते."

"भावजी खरं बोलत होते, त्या जेवणानं त्यांना त्रासच होत होता," इंदुताई म्हणाल्या. "आणि तूही खरंच बोलत होतीस. त्या आजारानं दोघांना एकमेकांवर घातलं. जंतूचा गुन्हा आहे, पोरी. तुझा नाही."

सकाळपर्यंत अहवाल आले. रक्तातलं मीठ तळाला गेलेलं, ग्रंथींचा रस जवळजवळ नाहीच. पोटाच्या स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजून, खडे धरून बसलेल्या, आणि पुढच्या तपासण्यांत टीबीही पक्का झाला. सोमवारची मनोरुग्णालयातली वेळ निरंजननं फोन करून रद्द केली. बोलता बोलता अर्ध्यावरच त्यानं फोन स्वरूपाच्या हातात दिला.

७

काही आठवड्यांनी इंदुताई शाहूनगरात गेल्या, तेव्हा चिमाजी आपल्या पायांनी दार उघडायला आले. रंग थोडा उतरला होता. रोजच्या गोळ्या आता जन्मभराच्या, आणि टीबीचं औषध यावेळी पुरतं घ्यायचं, यावर स्वरूपाचा कडक पहारा होता. बॅग कपाटावर गेली होती. चूर्णवाल्या बाबाचा पत्ता गणराज हवालदारांनी रविराजकडून लिहून घेतला होता.

एकच गोष्ट राहिली होती. सासरा आणि सून एकमेकांशी कामापुरतं बोलत. चिमाजींना सगळं आठवत होतं. चौकी, भाकरी, दिलेल्या शिव्या. माफीचे शब्द त्यांच्या पिढीच्या भट्टीवाल्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

"वहिनी," ते म्हणाले, "कोंडीराम आता येत न्हाई."

"नाहीच येणार. बरे झालात तुम्ही."

"व्हय. पण येत व्हता तवा बरं वाटायचं. अगदी दारात हुबा राहायचा."

चौकीत गिळलेला प्रश्न आता इंदुताईंना गिळता आला नाही. "अंगात काय असायचं हो?"

"निळा शर्ट. पाठीवर मिठाच्या रेघा." चिमाजी हसले. "म्हणायचा, इंदू ओरडंल आता."

इंदुताईंना एकदम रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही, आवरायचं काही कारण नव्हतं. स्वरूपा पाणी घेऊन आली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

थोड्या वेळानं चिमाजी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मिठाची बरणी घेऊन ओट्याशी उभे राहिले. स्वरूपानं गॅस पेटवून तवा ठेवला होता.

"पोरी, हात पुढं कर."

ती घाबरली. तिनं इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताईंनी मान हलवली, तशी तिनं पिठानं माखलेला हात पुढे केला. चिमाजींनी चिमटीत मीठ घेतलं आणि अगदी सावकाश तिच्या तळहातावर ठेवलं.

"नवीन माणसाला पहिली," ते म्हणाले. "लई उशीर झाला द्यायला. मीठ घेतलं का, बाळ?"

स्वरूपानं ते चाटलं. "घेतलं, आप्पा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

दुसरी चिमटी इंदुताईंना मिळाली. मग चिमाजींनी आणखी एक घेतली, तीही त्यांच्याच हातावर ठेवली, आणि काही न बोलता बाजूला झाले. ती कोणाच्या नावाची हे इंदुताईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी तवा उचलायला सांगितला आणि मीठ निळ्या ज्योतीवर सोडलं. ज्योत पिवळी झाली, मीठ तडतडलं.

"हजर," चिमाजी म्हणाले. मग स्वरूपानं तवा परत ठेवला आणि पहिली भाकरी थापायला घेतली.